'दरिद्री पण सुखी'? दोन्ही शब्द काढा

प्रश्न असा आलाय की कन्फ्यूशियसचा शिष्य युआन शिएन याच्यासाठी भाषांतरात 'दरिद्री पण सुखी' चालेल का. नाही चालणार! दरिद्री ही मराठीत शिवी झालीये हो, घरात तांदळाची पोती असलेल्या माणसालाही आपण 'काय दरिद्री लक्षणं' म्हणतो. गरीब लिहा, विषय संपला.

आणि नेमका शब्द कोणता हीच तर युआन शिएनच्या गोष्टीतली गंमत आहे. च्वांगत्झ या प्राचीन चिनी विचारवंताच्या नावावरच्या ग्रंथात ती आहे. लू राज्यातली एक झोपडी, फुटक्या मडक्याची खिडकी, वरून गळतंय, खाली ओल, आणि युआन शिएन ताठ बसून वाद्याच्या तारा छेडतोय. श्रीमंत गुरुबंधू त्झकुंग रथातून येतो, रथ गल्लीत मावत नाही, याचा अवतार बघून म्हणतो, अरेरे, तुम्हाला काय आजार झालाय? हा म्हणतो, पैसा नसणं ही गरिबी, शिकलेलं वागण्यात न उतरणं हा आजार, मी गरीब आहे, आजारी नाही. त्झकुंग ओशाळतो.

आता 'सुखी'. इथे माझं डोकं फिरतं, कारण या लोकांचा आनंद म्हणजे सकाळी फॉरवर्ड होणारं 'गरिबीतच खरं सुख' नव्हे. चिनीत आनंद आणि संगीत एकाच अक्षराने लिहितात, आज आनंद असेल तर उच्चार लऽ, संगीत असेल तर युए. श्युनत्झ या प्राचीन चिनी विचारवंताने यावरच कोटी केलीये, संगीत म्हणजे आनंद. हे अक्षर आलं कुठून? इसवी सन १०० च्या सुमाराचा कोशकार शू शन म्हणतो, लाकडी चौकटीवरचे ढोल. ढोल कसले! त्याने त्याच्याही हजारेक वर्षं आधीच्या शांग राजवटीतली, हाडांवर कोरलेली अक्षरं बघितलीच नव्हती. ती बघणारा अभ्यासक ल्वो चन्यू (१८६६-१९४०) म्हणतो, लाकडावर ताणलेलं रेशीम, म्हणजे तंतुवाद्य. यावरही वाद घालणारे आहेत, घालू देत. ढोल दरबारात वाजतात, गळक्या झोपडीत ताराच असणार, मला एवढा पुरावा पुरतो.

कन्फ्यूशियसचा दुसरा शिष्य येन हुई, त्याचंच बघा ना, एक टोपली भात, एक भोपळाभर पाणी, बकाल गल्ली, दुसऱ्याला ती चिंता सोसली नसती पण हुईने आपला 'लऽ' बदलला नाही असं कन्फ्यूशियस म्हणतो. भाष्यकार इथे आनंदच वाचतात, समोर चिंता हा शब्द आहे म्हणून, मान्य. पण मला तिथे तार ऐकू येतेच, त्याला मी काय करू, च्वांगत्झकडे तर हाच येन हुई नोकरी नको म्हणताना सांगतो की पेजेपुरती ५० मू (मू हे जमिनीचं चिनी माप) जमीन आहे आणि मन रमवायला छिन हे तंतुवाद्य आहे. (५० मू जमीन! हा कसला दरिद्री.) आणि त्सेंगत्झ हा आणखी एक शिष्य, तीन तीन दिवस चूल नाही, अंगावर चिंध्या, आणि शांगची स्तोत्रं गातो तर जणू धातू-दगडाची वाद्यं वाजताहेत.

तेव्हा 'सुखी' काढाच. 'गरीब, पण तारा छेडत बसलेला' असं काहीतरी बसतंय का बघा, वाक्य लांबलं तर लांबू दे.