उंदीर दिसत नाही, मग कॅमेरा काय कामाचा?

प्रश्न : नमस्कार भाऊ. आमचं घर जुनं हाये, समोरून स्लॅब अन मागं मातीच्या भिंती, वर कवेलू. भाव येईन म्हणून सोयाबीनचे पोते घरातच थप्पी लावून ठेवले तवापासून रोज रात्री भिंतीत कुरकुर चालू हाये. पोट्ट्यानं मोबाइलला लागणारा वायरवाला कॅमेरा ऑनलाइन बोलावला, साडेसातशेचा. तीन दिवस सगळ्या बिळात घालून पाह्यला, नुसतं काळं अन धूळ. उंदीर एकही नाही. आई म्हणते पैसे पाण्यात घातले. खरंच काहून दिसत नसंल जी?
– एक वाचक, ता. कळंब, जि. यवतमाळ

उत्तर : उंदीर दिसणारच नाही भाऊ, पोट्ट्याला बोलू नका.

जरा उंदराच्या जागी बसून पहा. अंधारात मिशा भिंतीला लावून चालणारा जीव, कान तिखट, अन समोरून सहा एलईडीचा उजेड पाडत एक वायर खरडत खरडत येत आहे. तो काय फोटो काढून घ्यायला थांबणार आहे का? भिंतीतल्या वाटेला मागचं दार असतेच, तो तिकडून कधीच निघून गेलेला असतो. या कॅमेऱ्यानं उंदीर नाही, उंदराचं घर पाहायचं असते. वाट कुठून कुठं जाते, घरटं कुठं आहे, अन सगळ्यात मोठं म्हणजे बीळ बुजवायच्या आधी आत कोणी आहे की नाही.

तुम्ही सगळ्या बिळात घातला म्हणता ना, तिथंच गडबड झाली. मातीच्या भिंतीला दहा भोकं असतात, त्यातली चालू दोनच. आधी ते दोन शोधा, त्याला कॅमेरा लागत नाही. संध्याकाळी प्रत्येक भोकात पेपरचा बोळा हलकासा कोंबा अन समोर चुलीची राख पातळ पसरा (पीठ नका पसरू, तो खाऊन टाकंल). सकाळी जिथला बोळा बाहेर पडला अन राखेत पाय अन शेपटीची रेघ उमटली ते बीळ जागतं. मग दुपारी, उंदीर झोपलेले असतात तेव्हा, फक्त तिथं कॅमेरा घाला.

आता ते काळं अन धूळ काहून दिसते. या स्वस्त कॅमेऱ्याचा फोकस फिक्स असतो, साधारण ३ ते १० सेंटिमीटरमधलंच साफ दिसते, त्याच्या पुढं सगळं धूसर, अन आपण घाईघाईत वायर ढकलत जातो. वायरवर लाइट कमीजास्त करायचं एक छोटं चाक असते ते फुल ठेवलं की समोरची धूळच चमकते अन मागचं सगळं काळं पडते. लाइट अर्ध्यावर आणा, चार बोटं आत सरकवा, थांबा, पहा, मग पुढं. वायरवर दर फुटाला टेपचा एकेक पट्टा मारून ठेवा, म्हणजे घरटं दिसलं तर ते किती फुटावर आहे ते समजते, नाहीतर भिंत कुठं फोडायची हेच कळत नाही. वायर नरम असंल तर सोबत १४ गेजचा जीआय तार (जस्त चढवलेला लोखंडी तार) टेपनं बांधा. चित्र मोबाइलवर गोल फिरते, वर-खाली समजत नाही, तेव्हा धूळ अन लेंड्या जिकडं साचल्या ती खालची बाजू समजा.

लेंड्यांवरूनच बरंचसं कळते. तांदळाच्या दाण्याएवढी असंल तर बारका उंदीर, अर्ध्या इंचाची असंल तर कवेलूवरून पळणारा मोठा. कडेनं तेलकट काळा पट्टा दिसला तर ती रोजची वाट आहे, त्यांच्या अंगाचं तेल अन मळ लागून लागून तो पट्टा होतो.

माझ्याच घरचं सांगतो. स्वयंपाकाच्या ओट्याखालून आवाज यायचा, मी आधीच ठरवून बसलो होतो की फ्रिजच्या मागं आहे. कॅमेरा पाइपाच्या भोकातून घातला तर चौथ्या पट्ट्याला स्क्रीनवर एकदम पांढरं. मला वाटलं लाइट जास्त झाला. कमी केला तर तो कापूस होता! आमच्याच खोलीतला, सोबत पोत्याच्या सुतळीचे धागे अन पेपरचे तुकडे, अन मधोमध गुलाबी गुलाबी काहीतरी हलत होतं. डोळेही उघडले नव्हते. त्या दिवशी सिमेंट कालवून तयार होतं, ते तसंच वाया गेलं, कारण आत पिल्लं ठेवून भोक लिंपलं तर पुढचे पंधरा दिवस ओट्यापाशी उभं राहवत नाही. मी पिंजरा आधी दोन-तीन दिवस उघडाच, बिनकामाचा ठेवला, उंदीर नव्या वस्तूला भितो म्हणून, मग शेंगदाण्याचा कूट लावला अन पिल्लांची आई सापडल्यावर ओट्याची एक फर्शी काढून घरटं उचललं. हातमोजे घालून, अन आधी ब्लीचिंगचं पाणी शिंपडून. सुक्या लेंड्या झाडूनं झाडू नका, त्याची धूळ नाकात जाते, अन उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस नावाचा तापाचा आजार होतो. कॅमेऱ्याचं तोंडही त्याच पाण्याच्या फडक्यानं पुसा, पण मोबाइलला लागणारी पिन ओली नका करू.

दोन गोष्टी मात्र मस्करीत घेऊ नका. एक, स्विचबोर्डाच्या मागं अन लाइटीच्या वायरीवरच्या केसिंग-पट्टीत मेन स्विच बंद केल्याशिवाय वायर घालायची नाही, उंदरानं कुरतडलेली वायर उघडी असते. दुसरी, उंदराच्या मागं साप येतो हे तुम्हाला मी काय सांगू. स्क्रीनवर खवले किंवा सापाची कात दिसली तर वायर हळूच ओढून घ्या, बीळ नका बुजवू अन काडीनं डिवचूही नका. वनविभागाला १९२६ वर फोन करा. भोकात हात तर कधीच नाही, कॅमेरा असला तरी नाही.

वाट सापडली अन आत कोणी नाही हे दिसलं की मग बुजवा. बारक्या उंदराला ६ मिलिमीटर म्हणजे पेन्सिलीएवढी फट पुरते, म्हणून फक्त मातीनं लिंपणं म्हणजे त्याला एक रात्रीचं काम. भांडे घासायची तारेची घासणी आत कोंबा अन वरून सिमेंट. पोते भिंतीपासून हातभर दूर, लाकडाच्या पाट्यांवर. अन भिंतीत औषध नका टाकू. औषध खाल्लेला उंदीर पाणी प्यायला बाहेर जाऊन मरतो असं दुकानदार सांगतो, ते काही खरं नाही. दुकानात मिळणाऱ्या बहुतेक वड्यांनी रक्त गोठणं बंद होते, त्याला चार-पाच दिवस लागतात अन तो बहुतेक जिथं झोपतो तिथंच मरतो.

प्रश्न : भाऊ, असा कॅमेरा घ्यायचा आहे, वायरवाला घेऊ की वायफायवाला? घरात एक साधा मोबाइल अन भाच्याचा आयफोन आहे.
– एक भगिनी, भिवापूर, जि. नागपूर

उत्तर : ताई, साध्या म्हणजे अँड्रॉइड मोबाइलला वायरवाला घ्या, स्वस्त पडतो अन चित्र अडकत नाही. स्वस्तातला वायरवाला सहसा आयफोनवर चालत नाही, तिथं वायफायवाला किंवा आयफोनवर चालतो असं लिहिलेलाच पहा. कॅमेऱ्याच्या तोंडाची जाडी ५.५ मिलिमीटरची पहा, ८ ची बऱ्याच फटीत जात नाही. लांबी ५ मीटर बस, १० मीटरची वायर घरात नुसती गुंता होते. मोबाइलमध्ये ओटीजी (चार्जिंगच्या भोकात दुसरी वस्तू जोडून चालवायची सोय) आहे का ते आधी विचारा, काही मोबाइलमध्ये ते सेटिंगमधून चालू करावं लागते अन थोड्या वेळानं आपोआप बंद होते, मग लोकं म्हणतात कॅमेरा खराब निघाला. डब्यावर लिहिलेल्या मोठ्या मोठ्या आकड्यांवर जाऊ नका, माझ्या डब्यावर १०८०पी लिहिलं होतं अन चित्र आलं ते जुन्या टीव्हीसारखं. उंदराच्या कामाला तेवढं चालते. अॅप प्ले स्टोअरवरूनच घ्या, डब्यावरच्या क्यूआरमधून भलतंसलतं नाही.

प्रश्न : मोरीच्या बिळात कॅमेरा घातला तर लांब तोंडाचा, बारीक डोळ्याचा उंदीर दिसला, पळाला पण नाही. वास लय मारते. औषध कोणतं टाकू?
– एक वाचक, ता. अचलपूर, जि. अमरावती

उत्तर : कोणतंच नाही. ती चिचुंद्री आहे, उंदीर नाहीच. धान्याच्या मागं नसते ती, झुरळं अन किडे खाते, तुमच्या मोरीत झुरळं आहेत म्हणून आली. डोळ्यानं अधू, म्हणून तुमच्या लाइटाला घाबरली नाही. मोरीच्या पाइपाला पाव इंचाची जाळी बसवा, पण ती रात्री बाहेर फिरायला गेल्यावर.