कबुली: मुकाबल्याची सख्खी बहीण

प्रश्न असा आलाय: 'कबुली' आणि 'ग्वाही' एकच का, आणि 'जाहीर कबुली' ही द्विरुक्ती नाही का?

एकच नाहीत! परवा मंगळवार पेठेतल्या एका सभेत वक्ते छाती ठोकून म्हणाले, "वर्षभरात रस्ता करून देण्याची कबुली देतो." वर टाळ्याही पडल्या. अहो, कबुली केलेल्या गोष्टीची असते, करायच्या नव्हे. पुढचं सांगायचं तर ग्वाही द्या, नाहीतर सरळ शब्द द्या. 'पैसे द्यायचं कबूल केलं' हे मात्र बिनचूक. 'कबूल करणं' मागंही बघतं, पुढंही; 'कबुली देणं' फक्त मागं. आणि तीही अंगाशी येणाऱ्या गोष्टीची. बक्षीस मिळाल्याची कबुली कुणी देत नाही.

आता खरी गंमत. अरबीत क-ब-ल या तीन व्यंजनांच्या मुळाशी 'समोर, पुढ्यात' हा भाव आहे. नमाजाला जिकडं तोंड करायचं तो किब्ला. समोरासमोर उभं ठाकणं म्हणजे मुकाबला. खासबागेच्या तांबड्या मातीत दोन मल्ल भिडतात तो मुकाबला, आणि पोरगं आईपुढं उभं राहून "व्हय, मीच फोडली बरणी" म्हणतं ती कबुली; दोन्ही एकाच पोटच्या! कोशात 'मान्यता, संमती' एवढंच भेटतं. माझं ठाम मत आहे की तो जुना समोरासमोरपणा मराठीनं या शब्दात जपलाय. म्हणूनच आपण कबुली 'देतो'. ती घेणारा पुढ्यात लागतो. मान्य मनातल्या मनातही करता येतं. कबुली मनात देऊन बघा.

'परका शब्द, स्वीकृती म्हणा' हा आग्रह मला सोसत नाही. आमच्या राजाराम कॉलेजात शिकवलेल्या माधव जूलियनांनी १९२५ मध्ये फारशी-मराठी कोश दिला आणि पुढं तेच भाषाशुद्धीच्या बाजूला गेले. कोशासाठी त्यांच्या पायांवर डोकं ठेवीन, शुद्धीसाठी नाही. स्वीकृत नगरसेवक असतो. गुन्ह्याची कबुलीच असते.

कायदाही हेच विचारतो: कुणासमोर? पोलिसांपुढं दिलेला कबुलीजबाब १८७२ च्या पुरावा कायद्यात आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नव्हता, २०२३ च्या नव्या कायद्यातही येत नाही; दंडाधिकाऱ्यासमोरचा चालतो. तेव्हा 'जाहीर कबुली' द्विरुक्ती नव्हे. समोर एकटी आई आहे की अख्खी पेठ, एवढं ते 'जाहीर' सांगतं.