प्रत्यार्पण करार आहे, या मुद्द्यावर जामीन मिळू शकतो का?

आपला भाऊ दुबईत नोकरीला असून मुंबईत फसवणुकीच्या गुन्ह्यात त्याला अटक झाली आहे. तो परदेशी पळून जाईल, या सरकारी वकिलांच्या आक्षेपाला ‘संयुक्त अरब अमिरातीशी आपला प्रत्यार्पण करार आहे, गेला तरी परत आणता येईल’ असे उत्तर चालेल का, असे आपण विचारले आहे. मी फौजदारी वकिली करतो. माझ्या मते हा मुद्दा अर्जात शक्यतो घेऊच नये.

करार 1999 चा आहे, हे खरे. पण तो पुढे करताच आरोपी जाऊ शकतो हे आपणच मान्य केल्यासारखे होते, आणि परत आणायला किती काळ लागतो हे सरकार पक्ष लगेच दाखवून देतो. नीरव मोदी यांना लंडनमध्ये मार्च 2019 मध्ये अटक झाली, प्रत्यार्पणाच्या बाजूने तिथल्या न्यायाधीशांचा निकाल फेब्रुवारी 2021 मध्ये आला, आणि पुढे अपिलेही झाली. त्यांच्या जामिनाची हकिकत तर अधिक बोलकी आहे: 20 लाख पौंडांची हमी देऊ करूनही 12 जून 2019 रोजी तिथल्या उच्च न्यायालयाने जामीन नाकारला, तर विजय मल्ल्या यांना 2017 मध्ये साडेसहा लाख पौंडांवर तो मिळाला होता. मोदींच्या बाबतीत वानुआतूचे नागरिकत्व मिळवण्याचा प्रयत्न आणि साक्षीपुराव्यात ढवळाढवळ होण्याची भीती आड आली. ही भीती दूर करायला पैसा पुरला नाही.

आपल्याकडे आधार घ्यावा तो चिदंबरम यांच्या प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या 22 ऑक्टोबर 2019 च्या निकालाचा. इतर काही आरोपी देश सोडून पळाले म्हणून या आरोपीला जामीन नाकारता येत नाही, प्रत्येकाच्या बाबतीत त्याचीच वस्तुस्थिती पाहावी लागते, असे तिथे म्हटले आहे. ‘आरोपी परदेशात पळून जाण्याची शक्यता नाकारता येत नाही’ हे वाक्य पोलिसांच्या रिमांड अर्जात (कोठडी मागणाऱ्या अर्जात) जवळजवळ छापील असते. त्यामागे या माणसाविषयी नेमके काय आहे, हे आपल्या वकिलांनी विचारावे.

मग आपली वस्तुस्थिती मांडावी. गुन्हा नोंद झाल्याचे कळल्यावर भाऊ स्वतःहून दुबईहून आला असेल, तर त्याच्या पासपोर्टवरील शिक्क्याची प्रत आणि तपास अधिकाऱ्याच्या नोटिशीची तारीख अर्जाला शेजारी शेजारी जोडावी. माझ्या अनुभवात इतका वजनदार दुसरा कागद नसतो. आई-वडील, मुलांची शाळा, घर यांचा तपशील प्रतिज्ञापत्रावर द्यावा. पासपोर्ट न्यायालयात जमा करण्याची तयारी आपणहून दाखवावी आणि स्थानिक जामीनदार आधीच ठरवून ठेवावेत. मोबाइलचे लोकेशन सतत पोलिसांना दिसत राहील, अशी अट मात्र देऊ करू नये. 2024 मध्ये फ्रँक व्हिटस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती अमान्य केली आहे.

दुबईचा निवासी व्हिसा लपवू नका. त्याची मुदत कधी संपते हे अर्जातच लिहा, कारण सरकारी वकिलांनी ते आधी सांगितले तर बाकी सगळ्या कागदांकडे न्यायाधीश संशयाने पाहू लागतात.