स्किन कलर, पण कुणाच्या स्किनचा?

सप्टेंबरमध्ये रिंकवर, म्हणजे स्केटिंगच्या बर्फाच्या मैदानावर, नवे सत्र सुरू झाले की माझ्याकडे येणाऱ्या मराठी आयांच्या बोलण्यात एक विषय हमखास निघतो. कॅनडात, टोरंटोच्या पश्चिमेला मिसिसॉगा शहरात मी गेली बारा वर्षे समुपदेशन करते. मुलगी तेरा-चौदा वर्षांची आहे, फिगर स्केटिंग, म्हणजे गाण्यावर बर्फावरून घसरत उड्या-गिरक्या घेणे, नुकतेच शिकू लागली आहे, तिला ड्रेस घ्यावा का, घ्यावा तर कसला, आणि एका ड्रेसवरून घरात एवढी रडारड का होते, असे त्या विचारतात. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कोच देऊ शकते. तिसऱ्यासाठी त्या माझ्यापर्यंत येतात. तिसऱ्याचे उत्तर बहुधा पहिल्या दोघांतच दडलेले असते, हे मला ज्या मुलीमुळे नीट उमगले, तिची हकिगत तिच्या आणि तिच्या आईच्या संमतीने, ओळख पटणार नाही अशा बेताने सांगते.

मुलगी चौदा वर्षांची होती. कॅनस्केट या पायाभूत वर्गात तिच्या बरोबरीला सहा-सात वर्षांची मुले होती आणि पाचव्या टप्प्यापर्यंत सक्तीचे असलेले हेल्मेट घालून ही त्यांच्यामध्ये एक हात उंच उभी असे. तरीही तिने चिकाटीने सगळे टप्पे पार केले आणि स्टार 1 या त्यापुढच्या पातळीवर तिचे नाव नोंदवले गेले. फेब्रुवारीत क्लबचा छोटासा कार्यक्रम होता. तिथे सुरुवातीच्या पातळ्यांवर पहिला-दुसरा क्रमांक लावत नाहीत. ठरलेल्या निकषांवर पारख करून रिबन देतात. आईने हौसेने एकशे ऐंशी डॉलरचा आकाशी ड्रेस मागवला होता. तो महिनाभर खोक्यात पडून होता.

“ताई, हिला विचारलं की एकच शब्द, क्रिंज, म्हणजे लाजिरवाणं. बरं, तिकडे सांगलीहून सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणतात, एवढं आखूड घालून पोर सगळ्यांसमोर नाचणार का? मी कुणाकुणाची समजूत काढू?” आई पहिल्या भेटीत म्हणाली.

सासूबाईंचा प्रश्न मला त्यातल्या त्यात सोपा वाटला आणि तो खरोखरच सोपा निघाला. हा पोशाख दिसतो तितका उघडा नसतो. पायांवर कंबरेपासून खालपर्यंत जाड टाइट्स असतात आणि स्कर्टच्या आत त्याच कापडाची चड्डी ड्रेसलाच शिवलेली असते. स्कर्ट आखूड असतो तो पाय मोकळा उचलता यावा म्हणून. 1928, 1932 आणि 1936 अशी लागोपाठ तीन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवणाऱ्या नॉर्वेच्या सोन्या हेनी यांच्या काळात तो गुडघ्याच्या वर गेला आणि तिथेच राहिला. मी आईला सुचवले की आजींशी लाज आणि संस्कार यांवर वाद न घालता ड्रेस उलटा करून त्याची शिवण कॅमेऱ्यासमोर धरा. आजींनी तो नीट पाहिला आणि म्हणाल्या, “म्हणजे आतून कासोटाच आहे की.” नऊवारी नेसून ज्यांनी आयुष्यभर कामे उरकली, त्यांना पाय मोकळे राहण्याचे महत्त्व आपण वेगळे काय सांगणार?

ज्या घरांत एवढ्याने भागत नाही, त्यांच्यासाठी नियमांतही वाट आहे. 1988 नंतर महिलांच्या स्पर्धेत स्कर्ट सक्तीचा झाला होता, पण 2004 पासून पायजम्यासारखी पँट किंवा अंगभर एकसंध पोशाख चालतो. संयुक्त अरब अमिरातीच्या झहरा लारी यांचा 2012 साली इटलीतल्या एका स्पर्धेत डोक्यावरच्या स्कार्फसाठी एक गुण कापला गेला; त्यांनी आपले म्हणणे आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेपुढे मांडले आणि पुढे ती अडचण दूर झाली. तेव्हा अंगभर पोशाख घातला तर मुलगी मागे पडेल, ही भीती निराधार आहे.

मुलगी मात्र एवढ्यावर उलगडणारी नव्हती. ती एकटी आली, तेव्हा मी विचारले, “ड्रेस नको, की हा ड्रेस नको?”

“मावशी, मला अजून नीट वॉल्ट्झ जंपसुद्धा येत नाही, ती अर्ध्या गिरकीची सोपी उडी. तसा ड्रेस ज्यांना डबल जंप, हवेत दोन गिरक्यांची उडी, येते त्या मुली घालतात. मी घातला तर सगळे म्हणणार, आली मोठी.”

“सगळे म्हणजे कोण कोण?”

तिने बोटे मोजली. मंगळवारी रिंकवर दोन कोच, कॉफीचे कप धरून मोबाइलमध्ये डोके घातलेले पाच-सहा पालक आणि पडणे हाच खेळ समजणारी दहा-बारा लहान मुले असत. मोजता मोजता ती हसली.

माझी बैठक विवेकनिष्ठ विचारसरणीची आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 मध्ये मांडलेली ही मानसोपचाराची पद्धत मानसोपचारतज्ज्ञ कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत पोहोचवली आणि ती मराठीत शिकल्याचा एक फायदा मला रोज होतो. माणूस स्वतःवर ज्या अटी लादतो त्या पकडायला आपल्या भाषेत एक छोटेसे अक्षर आहे, ते म्हणजे ‘च’. “ड्रेस घालायचा तर जंप आलीच पाहिजे” या वाक्यातला ‘च’ मी तिला दाखवला आणि तो काढून वाक्य पुन्हा म्हणायला सांगितले. “जंप आली तर मस्त होईल,” ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने स्वतःहून म्हणाली, “पण गाणं वाजेल तेव्हा काहीतरी घालायला लागेलच ना.” हा दुसरा ‘च’ निरुपद्रवी होता. मी समाधानाने वहीत टिपण केले. घरी गेल्यावर ती ड्रेस घालून बघेल, अशी माझी खात्री होती.

तिने तो घातला नाही. पुढच्या दोन भेटींतही नाही. अशा वेळी समुपदेशकाला अशिलाच्या विचारांत आणखी एखादा ‘च’ शोधण्याचा मोह होतो, आणि मलाही झाला. पण एक गोष्ट मला खुपत होती. ड्रेसचा विषय निघाला की ती दोन्ही बाह्या ओढून मनगटावर आणत असे. मुद्दा जंपचा असता तर तिचे लक्ष पायांकडे गेले असते. मी तिला सांगितले की येताना ड्रेस घेऊन ये; घालू नकोस, नुसता आण.

तिने तो खोक्यातून काढून खिडकीपाशी धरला. गळ्यापासून छातीपर्यंत आणि पूर्ण बाह्यांना जाळीचे तलम कापड होते आणि त्यावर खडे चिकटवलेले होते. ही जाळी अंगाच्या रंगाशी एकरूप होऊन नाहीशी व्हावी आणि खडे त्वचेवरच पेरल्यासारखे दिसावेत, अशी त्यामागची कल्पना असते. तिने काही न बोलता आपली बाही वर सारली आणि ती जाळी हातावर ठेवली. फिकट गुलाबी पट्टी तिच्या गव्हाळ-सावळ्या हातावर जखमेवर लावायच्या चिकटपट्टीसारखी दिसत होती.

“खोक्यावर लिहिलंय, स्किन कलर. कोणाच्या स्किनचा?” ती म्हणाली.

मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने तिने उरलेले सांगितले. ड्रेस मागवण्याआधी तिला गर्द जांभळा आवडला होता. आई सहज म्हणाली होती, “नको गं, गडद रंगात आणखी काळी दिसशील. आकाशी उठून दिसेल.” आईला ते वाक्य आठवतही नव्हते. कसे आठवणार? तिच्या आईने, मावशीने, शाळेच्या स्नेहसंमेलनात रंगरंगोटी करणाऱ्या बाईंनी तिला तेच ऐकवले होते, आणि साडी घेताना ते वाक्य ती स्वतःलाही ऐकवत आली होती.

तिथे माझी चूक मला दिसली. मुलीची भीती अविवेकी आहे असे धरून मी तिची उलटतपासणी करत होते. वास्तविक तिचे निरीक्षण बिनचूक होते. तिचे अंग चुकीच्या रंगाचे आहे, हे त्या ड्रेसने तिला दोनदा सांगितले होते, एकदा कारखान्यात आणि एकदा घरात. जी गोष्ट खरी आहे ती विचार बदलून जात नाही, त्यासाठी कापड बदलावे लागते. एलिस यांच्या पद्धतीतही वस्तुस्थिती आधी तपासायची असते; मी ती पायरी गाळली होती. तरी ओढल्या जाणाऱ्या त्या बाह्या मी नजरेतून सुटू दिल्या नाहीत, एवढे श्रेय मी स्वतःला देते.

पुढच्या भेटीत आईसमोर मुलीने ती जाळी पुन्हा हातावर ठेवली. आई बराच वेळ बघत राहिली. “मला दिसलंच नाही गं,” ती म्हणाली. मग तिने आपलाही हात शेजारी ठेवला. त्या भेटीत आम्ही एवढेच केले.

आता ड्रेसविषयी, कारण प्रश्न तोच होता. नवशिक्या मुलीसाठी पहिला ड्रेस निवडताना जाळी नसलेला, पूर्ण कापडाचा घेतला की रंग जुळवण्याचा प्रश्नच मिटतो. जाळी हवीच असेल तर ती तपकिरी छटांतही मिळते. मात्र नमुना मागवून दिवसाउजेडी हातावर ठेवून बघावा, पडद्यावरच्या चित्रावर विसंबू नये. बर्फ पांढरा असतो, त्यामुळे गडद आणि ठसठशीत रंग त्यावर उलट खुलतात. फिकट आकाशी लांबून धुवट दिसतो.

माप घेताना छाती-कंबरेइतकेच महत्त्वाचे माप म्हणजे खांद्यावरून पुढून खाली, दोन्ही पायांमधून मागे आणि पुन्हा त्याच खांद्यापर्यंतचा वेढा. तो कमी पडला तर हात वर केला की ड्रेस काचतो आणि जास्त झाला तर कंबरेपाशी फुगा येतो. ‘वाढत्या अंगाचा’ म्हणून दोन मापे मोठा ड्रेस घेण्याची आपली सवय इथे उपयोगाची नाही. मुलगी वर्षभरात उंच होणारच आहे, म्हणून कमी पैशांत घ्यावा. बहुतेक क्लबांत मोठ्या मुलींचे वापरलेले ड्रेस हातोहात मिळतात.

ड्रेस कार्यक्रमाच्या दिवशी पहिल्यांदा घालू नये. निदान तीन सरावांना तो घालून फिरावे, खाली बसावे, हात ताणावेत आणि मुद्दाम पडून बघावे. गळ्यामागचा हूक विशेष तपासावा. 2018 च्या प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये जोडीने बर्फावर नृत्य करणाऱ्या फ्रान्सच्या गॅब्रिएला पापादाकिस यांच्या ड्रेसची गळ्यामागची पकड नृत्य सुरू होताच सुटली. त्यांनी तशातच नृत्य पूर्ण केले. सजावटीचा तुकडा बर्फावर पडला तर आंतरराष्ट्रीय नियमांनुसार एक गुण जातो, आणि कुणाच्या स्केटचे पाते त्यावर अडकले तर गुणापेक्षा मोठे नुकसान होते. हाताने चिकटवलेले खडे म्हणूनच बोटाने एकेक ढकलून बघावेत.

आणि आयांनी मुलीने विचारण्याआधी, कुजबुज न करता बोलावी अशी एक बाब म्हणजे पाळी. या वयाच्या कितीतरी मुली ‘ड्रेस आवडला नाही’ असे सांगतात, तेव्हा मनात ही भीती असते. गडद रंग, आतून घालायची घट्ट काळी शॉर्ट्स आणि त्या दिवसांत टाइट्सऐवजी काळी लेगिंग घालण्याची आधीच दिलेली मोकळीक, एवढ्याने बहुतेकींचा जीव भांड्यात पडतो.

आकाशी ड्रेस परत गेला. क्लबमधल्या एका मोठ्या मुलीचा गर्द जांभळा, पूर्ण बाह्यांचा, एकही खडा नसलेला ड्रेस चाळीस डॉलरला मिळाला. टाइट्स मात्र दुकानात मिळाल्या त्या एकाच फिक्या छटेच्या. तेव्हा मुलीने नाचणाऱ्या मुलींची जुनी युक्ती कुठूनशी शोधून काढली. चहाचे कडक पाणी उकळून, गाळून त्यात नायलॉनच्या टाइट्स बुडवायच्या, आणि ओल्या कापडाचा रंग गडद दिसतो म्हणून वाळेपर्यंत निकाल द्यायचा नाही. आईने कार्यक्रमानंतर फोन केला, तेव्हा रिबन कोणती मिळाली हे सांगण्याआधी तिने टाइट्सचीच कथा सांगितली. पहिल्यांदा रंग फिका आला, दुसऱ्यांदा लालसर झाला, तिसऱ्यांदा मुलगी स्वयंपाकघराच्या खिडकीत पाय ठेवून ओरडली, “आई, बघ, दिसतच नाहीयेत!”

“आता ते पातेलं तिने स्वतःसाठी वेगळं ठेवलंय,” आई म्हणाली. “त्यावर चिकटपट्टी लावून लिहिलंय, यात चहा करायचा नाही.”