पर्स खांद्यावर आणि कुकर गॅसवर

“मॅडम, रोज रात्री साडेआठला माझा आवाज चढतो. ताटं वाढलेली असतात, सगळं गरम असतं आणि कोणी कोणाशी बोलत नसतं. मला एक तर पंधरा मिनिटांत होणारे पदार्थ सांगा, नाहीतर हा राग कसा जाईल ते सांगा.”

खुर्चीत नीट बसायच्या आतच ती हे बोलून गेली. वय चाळिशीच्या आतलं. अलकापुरीतल्या एका ऑफिसात हिशेब सांभाळते, घर मांजलपूरला. नवरा मकरपुरा जीआयडीसीतल्या कारखान्यात क्वालिटी बघतो. मुलगा दहावीत, मुलगी सहावीत आणि दांडिया बाजारातल्या वाड्यात वाढलेल्या सासूबाई. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत, पण बडोद्यातल्या कितीतरी मराठी घरांना हे आपलंच वाटेल. नोकरी करणाऱ्या बायका माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात त्या मुलांच्या अभ्यासाचं किंवा सासूचं कारण सांगत, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला ‘रात्री काय करू’ हा प्रश्न निघतो.

मी तिला म्हटलं, “काल संध्याकाळचं सांगा. दार उघडल्यापासून.”

सात वाजून गेले होते. सासूबाई वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत बसल्या होत्या. हिच्या मनात दुधी होता, सकाळीच चिरून फ्रिजमध्ये ठेवलेला. आता मेथी निवडून झालीय म्हटल्यावर तीही करणं आलं. तिनं डाळ-तांदूळ धुऊन कुकर लावला, परातीत कणीक घेतली, पाणी घातलं, आणि दोन्ही हात कणकेत गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की पर्स अजून खांद्यालाच आहे. हात भरलेले, पर्स कोपरापर्यंत घसरलेली. तिनं मुलीला हाक मारली ती ओरडूनच.

इथं ती थांबली. थोडा वेळ मीही काही बोलले नाही.

अशा थकव्यात मी आधी रक्त तपासायला सांगते, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड. चिडचिड म्हणजे स्वभाव, असं आपण फार लवकर ठरवतो. तिचं हिमोग्लोबिन कमी निघालं, डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. पण तेवढ्यानं साडेआठचं भांडण थांबणार नव्हतं.

दुसऱ्या भेटीत माझी चूक झाली. तिनं मागितलं तेच मी दिलं. दोघींनी मिळून आठवड्याचं वेळापत्रक केलं: खिचडी, उसळ, पिठलं, थालीपीठ, डोसे. ते बुधवारी मोडलं. मटकी भिजवायचं तिनंच लक्षात ठेवायचं, बेसन संपलंय हे तिलाच आठवायचं आणि नुसती खिचडी वाढली की नवऱ्याचं “एवढंच?” तिनंच ऐकायचं. तिच्या कामांत मी आणखी एक काम वाढवलं होतं. पदार्थ झटपट होता, पण ‘रात्रीचं जेवण’ म्हणजे पोळी, भाजी, वरण-भात, कोशिंबीर हा घरातला नियम तसाच होता. मग खिचडी ही खिचडी न राहता तिनं केलेली कसूर ठरते. मी तिला तसं सांगितलं आणि शनिवारी सगळ्यांना घेऊन यायला सांगितलं.

नवरा मनानं चांगला माणूस. तो म्हणाला, “तासाभराचं काम आहे, मान्य. बाजार तर मीच करतो.” कारखान्यात कुठल्या कामाला किती वेळ लागतो ते तो रोज लिहितो. मी म्हटलं, “आठवडाभर घरातलं लिहा. हातानं होतं तेही आणि डोक्यात चालतं तेही.”

पुढच्या शनिवारी तो कागद घेऊन आला. स्वयंपाक आणि ओटा आवरणं, रोज साधारण दोन तास. त्यापुढे त्यानं दुपारी तीनपासूनचे तिचे मेसेज उतरवले होते. ‘येताना कोथिंबीर’, ‘आईंना विचार, दही लावलंय का’, ‘चिंटूचा क्लास किती वाजता सुटतो’. सहा दिवसांत असे एकोणतीस. ते सगळे त्यालाच आलेले होते आणि बहुतेकांना त्यानं नुसता अंगठा दाखवला होता. हे त्यानं स्वतः वाचून दाखवलं, हळू आवाजात. देशभरातलं चित्रही असंच आहे, हे मी त्याला सांगितलं. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी 299 मिनिटं त्यात जाताना दिसतात, पुरुषांची 97. आणि दिवसभरात घरकामाला हात लावणारे पुरुष 100 मध्ये जेमतेम 26.

सासूबाई मात्र तयार नव्हत्या. “रात्री लेकरांच्या पानात नुसती खिचडी? ते आजाऱ्याचं अन्न.”

मुलगी पटकन म्हणाली, “आजी, तू समोरच्या गुजराती बांकडे खिचडी-कढी खातेस की! दोनदा घेतेस!”

आजी हसल्या, आम्ही सगळेच हसलो. मग त्या खरं ते बोलल्या. बांच्या घरी रोज रात्री खिचडी-कढी, पापड, लोणचं असतं आणि आठ वाजता सगळे एकत्र बसलेले असतात. “आमच्याकडे चार पदार्थ असतात, पण ही शेवटची पोळी करून येते तेव्हा मी एकटीच पानावर असते. दिवसभर घरात एकटी, मग मेथी तरी निवडून ठेवते. कोणती भाजी करायची ते मला कोण सांगतं?”

सुनेनं ती मेथी म्हणजे लादलेलं काम समजलं होतं. सासूनं ती मदत म्हणून निवडली होती. या एका वाक्यासाठी मला दोन आठवडे लागले, आणि ते लागायलाच हवे होते असं मला आज वाटतं.

पोषणाची काळजी रास्त होती, तिचं उत्तरही दिलं. भातात जे लायसिन कमी पडतं ते डाळीत असतं, डाळीत जे मिथिओनिन कमी ते भातात. एक वाटी तांदूळ, पाऊण वाटी मूगडाळ, हळद-हिंग, चार-पाच वाट्या पाणी, कुकरच्या तीन-चार शिट्ट्या. त्यातच गाजर, मटार, फ्लॉवर. सोबत काकडी आणि ताक किंवा कढी. हे पूर्ण जेवण आहे. “मग वरणफळंही चालतील,” सासूबाई म्हणाल्या. “गुजरात्यांची दाळढोकळी म्हणजे आपली वरणफळंच.” सकाळी डब्याच्या कुकरमध्ये जास्तीची तूरडाळ शिजवायची. संध्याकाळी सासूबाई टेबलाशी बसून पोळी लाटून शंकरपाळ्यांसारखे तुकडे करणार, मुलगी डाळीला आमसूल, गूळ, गोडा मसाला घालणार. सून घरी येते तेव्हा पातेलं उकळत असतं. मंगळवार त्यांचा झाला.

शिळ्या भाताबद्दल मला त्यांना जरा जोर देऊन सांगावं लागलं. फोडणीचा भात हा उत्तम झटपट बेत आहे, पण उरलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवू नये. भातातले काही जंतू शिजूनही बीजरूपात टिकतात, उबेत वाढतात, आणि त्यांनी केलेलं विष परत गरम केल्यानं जात नाही. तासा-दोन तासांत पसरट डब्यात घालून फ्रिजमध्ये.

बुधवार नवऱ्याचा. पिठलं-भात. आणि खरं सांगायचं तर सगळ्यात अवघड दिवस हाच गेला, तिच्यासाठी. पहिल्या बुधवारी त्यानं कोरडं बेसन उकळत्या पाण्यात एकदम ओतलं, गुठळ्या झाल्या. ती दारातच उभी होती. तिनं पळी त्याच्या हातातून घेतली, सगळं नीट केलं, आणि पुढच्या भेटीत मला म्हणाली, “बघा, शेवटी मलाच करावं लागलं.” मी तिला विचारलं, “गुठळ्यांचं पिठलं खाऊन काय झालं असतं?” बराच वेळ तिच्याकडे उत्तर नव्हतं. मग ती म्हणाली, “सगळे म्हणाले असते, मी घरात असून असं कसं.” हे ओझं कुठल्याही रेसिपीनं उतरत नाही. पुढच्या बुधवारसाठी मी तिला एकच काम दिलं. सात ते आठ गॅलरीत बसायचं, स्वयंपाकघरात जायचं नाही, हाक आली तरी बसूनच उत्तर द्यायचं. त्यानं बेसन आधी गार पाण्यात कालवून घेतलं, वाटीला तीन वाट्या पाणी. मीठ कमी पडलं. लसूण-तिखट घेऊन सगळ्यांनी खाल्लं. गॅलरीतली ती पहिली वीस मिनिटं फार वाईट गेली, असं तिनं सांगितलं.

गुरुवारी आता शेव-टमाट्याची भाजी आणि येताना आणलेल्या तयार पोळ्या असतात. शुक्रवारी डोसे, पीठ रविवारी वाटलेलं. पोळी-भाजी, वरण-भात, कोशिंबीर रविवारी दुपारी, सगळ्यांच्या हातानं. रात्रीचं काय ते सकाळच्या चहालाच ठरतं, आणि ज्याचा वार त्यानंच सामान बघायचं. मेसेज थांबले नाहीत, कमी झाले. मेथी आता विचारून निवडली जाते.

मुलाचं अजून जमलेलं नाही. त्याचा क्लास पावणेनऊला सुटतो, तो येतो तेव्हा सगळ्यांची जेवणं झालेली असतात. सध्या त्याचं ताट झाकून ठेवतात आणि वडील ताकाचा पेला घेऊन त्याच्याजवळ बसतात. परवा तो त्यांना म्हणाला, सोमवारची खिचडी मी लावून क्लासला जात जाऊ का? कुकरच्या शिट्ट्या कोणी मोजायच्या, यावर त्यांच्याकडे चर्चा चालू आहे.