डबी शेवटी, आधी चामडं बघा

गणपती उरकले की माझ्याकडे प्रश्नांचा ओघ सुरू होतो. चार महिने कपाटात कोंडलेली जाकिटं आणि बूट लोक बाहेर काढतात आणि हबकतात. मी बेळगावच्या शहापुरात चामड्याच्या दुरुस्तीचं काम करतो. हे काम शिकलो अथणीच्या मामांकडे. यंदा आलेल्या प्रश्नांपैकी बहुतेकांचा शेवट एकच होता: ‘कुठलं कंडिशनर घेऊ?’ कंडिशनर म्हणजे चामडं मऊ ठेवायला लावतात ते क्रीम किंवा तेल. त्यावर मी आधी दोन गोष्टी विचारतो. चामडं कसलं आहे? आणि तुम्ही राहता कुठं? आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेला कणकुंबी, तिथं आषाढात आगपेटीची काडी ओढली तरी पेटत नाही. पूर्वेला अथणी, तिथं चैत्रात ओठ फुटतात. एकच डबी दोन्हीकडे सारखी वापरून चालायचं नाही.

जांबोटीहून एक वाचक: काका, पाऊस सुरू व्हायच्या आधी दरवर्षी मी बुटांना आणि जाकिटाला खोबरेल तेल चोळून ठेवतो. तरी श्रावणात दोन्हीवर पांढरा बुरा चढतोय. तेल कमी पडतंय काय?

कमी नाही, जास्त होतंय. बुरशीला दोन गोष्टी लागतात, ओल आणि खाणं. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की ती वाढायला लागते, आणि तुमच्याकडे पावसाळाभर हवा त्याच्या वरच असते. खाण्याची सोय तुम्ही तेल चोळून केलीत.

पण तो पांढरा थर खरंच बुरा आहे का, हे आधी तपासा. केस वाळवायचं यंत्र लांबून, मंद आचेवर त्या डागावर धरा. डाग विरघळून दिसेनासा झाला तर ती बुरशी नव्हे. चामड्यातली चरबी वर येऊन गोठलेली असते. खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली थिजतं. थंडीत न्हाणीतली बाटली थिजते तसंच ते चामड्यावरही थिजतं. असला थर सुक्या मऊ फडक्यानं पुसला की काम झालं. डाग तसाच राहिला, कापसासारखा फुगीर दिसला आणि कुबट वास आला, तर तो बुराच.

बुरा असेल तर वस्तू अंगणात न्या, घरात झटकू नका. तो श्वासातून आत जातो आणि शेजारच्या चपलांवरही बसतो. तोंडाला रुमाल बांधून मऊ ब्रशनं झाडा. मग मेडिकलमध्ये मिळणारं स्पिरिट आणि पाणी निम्मं-निम्मं करून त्यात फडकं बुडवा, घट्ट पिळा आणि पुसून घ्या. आधी कॉलरच्या आतल्या बाजूला लावून रंग उतरत नाही ना ते बघा. बुटाच्या आतलं अस्तरही पुसायचं; लोक बाहेरून चकचकीत करतात आणि बुरशीचं मूळ आतच राहतं. सावलीत, वाऱ्यावर दोन-तीन दिवस वाळू द्या. पूर्ण वाळल्याशिवाय कंडिशनर लावायचं नाही, नाहीतर ओल आत अडकते.

पुढच्या वर्षी हा क्रम उलटा करा. तेलपाणी पावसाआधी नको, दसऱ्याच्या सुमाराला करा. मे महिन्याच्या शेवटी फक्त साफ करा. बूट रोजच्या वापरातले असतील तर त्यांच्या शिवणीवर आणि तळाच्या जोडावर मधमाशीच्या मेणाचं मलम अगदी पातळ लावा. जाकिटाला काहीही लावू नका. ते रुंद खांद्याच्या हँगरवर, सुती कापडाखाली टांगा. प्लॅस्टिकची पिशवी नको. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं असेल तर वीतभर पुढं ओढा, कारण ओल त्या भिंतीतूनच झिरपते. आणि उघडीप मिळाली की जाकीट तासभर ओसरीत ठेवा. तुमच्या भागात हा एक तास कुठल्याही महागड्या डबीपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

टिळकवाडीतून एक विद्यार्थी: सर, मी मोटरसायकलवरून आंबोली, चोर्ला घाट असा फिरतो. नवीन लेदर जाकीट घेतलंय. दुकानात क्रीम, तेल, मेण, स्प्रे असं सगळं दाखवतात. काय घेऊ?

आधी एक थेंब पाणी घे. जाकिटाच्या आतल्या काठावर जिथं चामडं दिसतं तिथं तो ठेव आणि दोन मिनिटं बघ. थेंब मण्यासारखा तसाच राहिला तर चामड्यावर रंगाचा आणि लाखेचा जाड थर आहे. मोटरसायकलच्या बहुतेक जाकिटांवर तो असतो. असल्या थरातून तेल फारसं आत मुरत नाही, वर चिकट राहतं आणि धूळ धरतं. थेंब हळूहळू मुरला आणि जागा काळपट झाली तर चामडं उघडं आहे. ते पटकन पितं आणि पटकन बिघडतंही.

तुझ्यासाठी पाण्यात मिसळलेलं, दुधासारखं पातळ क्रीम योग्य. डबीवर लॅनोलिन लिहिलेलं असलं तर चांगलंच. मेंढीच्या लोकरीत जी नैसर्गिक चरबी असते तिलाच लॅनोलिन म्हणतात. नीट्सफूट तेल म्हणजे गुरांच्या पायांच्या हाडांतून काढलेलं तेल. ते खोल मुरतं, पण रंग गडद करतं आणि चामडं ढिलं करतं. घोड्याच्या खोगिराला किंवा जाड पट्ट्याला ते ठीक, जाकिटाला नको. मिंक नावाच्या प्राण्याच्या चरबीतून काढलेल्या तेलाचंही तसंच. सिलिकॉनचा स्प्रे पाणी अडवतो, पण त्यानं चामड्याचं पोषण होत नाही, आणि नंतर लावलेलं क्रीमही नीट मुरत नाही.

लावायची पद्धत सोपी आहे. ओलसर फडक्यानं घाम आणि धूळ पुसून घे, तास-दोन तास वाळू दे. रुपयाच्या नाण्याएवढं क्रीम फडक्यावर घेऊन एक बाही, परत तेवढंच घेऊन दुसरी. थेट जाकिटावर ओतलंस तर डाग पडेल. वीस मिनिटांनी सुक्या फडक्यानं उरलेलं सगळं काढ, रात्रभर टांगून ठेव. वर्षातून दोनदा पुरे. कोपर, कॉलर आणि मनगट जास्त घासतात आणि घाम पितात, तिथं जरा लक्ष दे.

आणखी एक कळकळीनं सांगतो. हे जाकीट पडल्यावर तुझी कातडी वाचवण्यासाठी आहे. तेल पाजून पाजून लोण्यासारखं मऊ केलेलं चामडं ताणतं, आकार सोडतं. घाटात त्याचा ताठपणाच तुझ्या कामाला येतो.

मच्छे गावाहून एक निवृत्त सुभेदार: मराठा लाइट इन्फंट्रीत सेवा झाली. बुटांना आजही रोज पॉलिश करतो. तरी बोटांच्या वळणावर भेगा पडल्या आहेत. काळजीत काय चुकलं?

सुभेदारसाहेब, तुमची शिस्त चुकलेली नाही. पॉलिशचं काम आणि कंडिशनरचं काम वेगळं, एवढंच. कातडी कमावताना तंतूंच्या मध्ये तेल मुरवलेलं असतं. चालताना बूट वाकतो तेव्हा हे तंतू एकमेकांवरून घसरतात आणि ते तेल वंगणासारखं काम करतं. काही वर्षांत ते उडून जातं, धुऊन जातं. मेणाचं पॉलिश वर बसतं, चकाकी आणतं, पाणी परतवतं; पण आत कोरडे पडलेले तंतू त्याखाली तसेच एकमेकांवर घासत राहतात. वर्षानुवर्षं चढलेला मेणाचा थर वळणावर स्वतःही तडकतो.

आता असं करा. खोगिराचा साबण (सॅडल सोप) फडक्यावर फेसून जुनं मेण हळूहळू उतरवा. हा साबण अल्कधर्मी असतो आणि चामडं आम्लधर्मी, म्हणून तो मुरू द्यायचा नाही. ओल्या फडक्यानं दोनदा पुसून घ्या. बुटात लाकडी साचा किंवा कागद भरून एक दिवस सावलीत वाळवा. मग कंडिशनर बोटानं चोळा, हाताच्या उबेनं ते चांगलं मुरतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा पातळ. त्यानंतर पॉलिश, तेही टाचेला आणि नाकाला. वळणावर नावापुरतं.

फाटलेले तंतू परत जुळत नाहीत, हे मी तुम्हाला स्पष्ट सांगतो. आजच्या भेगा राहतील, त्या पुढे मात्र वाढणार नाहीत. इथून पुढे महिन्यातून एकदा कंडिशनर आणि दोन जोड आलटून पालटून वापरा. दिवसभराचा घाम वाळायला बुटाला एक दिवस लागतो.

निपाणीहून एक वाचक: आमच्याकडे आजोबा चपलांना तेल पाजायचे. मी बुटांना जवसाचं तेल लावलं तर ते लाकडासारखे कडक झाले. असं कसं?

आजोबा बरोबर होते, तेल चुकलं. जवसाचं तेल हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून सुकतं आणि त्याचा चिवट पापुद्रा बनतो. म्हणूनच ते लाकडाला आणि रंगात वापरतात. चामड्याच्या आत तेच घडलं की तंतू एकमेकांना चिकटून बसतात, आणि तो पापुद्रा परत विरघळत नाही. करडईचं तेलही याच वाटेनं जातं, फक्त हळू. एरंडेल तसं सुकत नाही, म्हणून चामड्यासाठी ते जुन्या काळापासून वापरात आहे.

कोल्हापुरी चपलांची गोष्टही इथं समजून घ्यायला हवी. त्यांचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. त्यावर लाखेचा थर नसतो, त्यामुळे ते तेल मनापासून पितं. २०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे आले. सीमेच्या दोन्ही बाजूंचे कारागीर हीच चप्पल शिवत आलेत, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. पण तुमचा बाजारातला बूट बहुधा क्रोमनं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या चामड्याचा असणार, आणि त्याचा तळ डिंकानं चिकटवलेला. चपलेसारखं भरपूर तेल त्याला पाजलं तर चामडं ढिलं पडेल आणि तळ सुटेल.

खानापूरहून एक वाचक: भिजलेले बूट न्हाणीघरातल्या बंबाजवळ वाळवले तर चालतात काय?

नाही. ओल्या चामड्याला उष्णता सोसत नाही. साल-हिरड्यानं कमावलेलं ओलं चामडं साधारण ७० ते ८५ अंशांत आकसतं आणि कायमचं कडक होतं. क्रोमचं जास्त तापमान सोसतं, पण तळाचा डिंक त्याच्या कितीतरी आधी सुटतो. वर्तमानपत्राचे बोळे भरा, दर दोन तासांनी बदला, बूट आडवे ठेवा म्हणजे तळालाही वारा लागेल. बुरा लागलेला नसेल तर पूर्ण वाळायच्या किंचित आधी, चामडं अजून गार लागत असताना, कंडिशनरचा पातळ हात द्या.

गोकाकहून एक वाचक: जाकिटाचे काळे पापुद्रे निघतायत. कुठलं क्रीम लावू?

कुठलंच नको. पापुद्र्याखाली कापड दिसत असेल तर ते चामडं नव्हेच. तो कापडावर चढवलेला पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकचा थर आहे आणि दमट हवेत तो आपोआप विघटित होतो. त्यावर पैसे घालू नका.

वडगावहून एक भगिनी: भावानं मखमलीसारख्या चामड्याचे बूट दिले आहेत. त्यांना कंडिशनर लावायचं का?

ताई, त्याला स्वेड म्हणतात. त्याला क्रीम, तेल, मेण यातलं काहीही लावू नका. धंद्याच्या पहिल्या वर्षात मी एका गिऱ्हाइकाच्या स्वेडच्या बुटांना तेल लावलं. लव चिकटून बसली, रंग काळा पडला आणि काही केल्या परत आला नाही. भरपाई दिली, पण ते बूट त्यांच्या आईनं दिलेले होते, ही गोष्ट अजून मनात आहे. तुम्ही रबरी किंवा मऊ ब्रश घ्या, लव एकाच दिशेनं झाडा. तेलाचा डाग पडला तर त्यावर टाल्कम पावडर टाकून रात्रभर ठेवा आणि सकाळी झाडून टाका.

चिकोडीहून एक वाचक: वडिलांचं तीस वर्षांपूर्वीचं जाकीट ट्रंकेत सापडलं. पुठ्ठ्यासारखं कडक आहे. ते घालता येईल का?

घाईनं घडी उलगडू नका, कडक चामडं घडीवरच तुटतं. आधी आतल्या शिवणीजवळचा कोपरा बोटानं घासा. बोटाला तांबूस भुकटी लागली तर तंतूच कुजले आहेत. मग कंडिशनर लावूनही उपयोग नाही. ते जाकीट वडिलांची आठवण म्हणून टांगून ठेवायचं. भुकटी नसेल तर आशा आहे. पाऊस ओसरल्यावर दोन दिवस ते खोलीतल्या मोकळ्या हवेत पसरून ठेवा, म्हणजे थोडी ओल धरून ते जरा नरमेल. नंतर पातळ क्रीमचा एक हात द्या आणि दोन दिवस थांबा. हात फिरवून बघा, कोरडं लागलं तर दुसरा, परत दोन दिवस, मग तिसरा. बाह्या हळूहळू, थोड्या थोड्या वाकवा. अस्तराचा दोरा कुजला असेल तर घालायच्या आधी शिवण नवी करून घ्या. एखाद्या शिवणीला हात लावायची भीती वाटली तर जाकीट तसंच सुती चादरीत गुंडाळून माझ्याकडे आणा, घडी न घालता.