जायरोला हात लावू नका, आधी स्पिंडल काढून काचेवर लोळवा

तुमची पोस्ट दोनदा वाचली. सेकंडहँड घेतलेलं रिमोटवर उडणारं ४५० क्लासचं (लहान आकाराचं) मॉडेल हेलिकॉप्टर, तीन क्रॅश, दर वेळी जे तुटलं ते बदललं, तरी उचललं की लँडिंग स्किड थरथरतात आणि शेपटी डावी-उजवीकडे हलत राहते. गेन (जायरो किती जोरात उत्तर देतो तो आकडा) कमी-जास्त करून झाला, सर्व्हो (पात्यांचा कोन बदलणारी छोटी मोटर) बदलून झाला, आणि आता कोणीतरी सांगितलंय की जायरो, म्हणजे शेपटी स्थिर ठेवणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र, गेलाय, नवा घ्या. शेवटी तुम्ही विचारलंय, नवा जायरो घेऊ की हा नाद सोडून देऊ?

दोन्ही करू नका. माझं अगदी हेच झालं होतं, आणि माझे चार महिने ज्या गोष्टीपायी गेले ती बोटाएवढी लांबसुद्धा नव्हती.

बाइंडिंग (रिमोट आणि हेलिकॉप्टरची जोडणी), चार्जिंग, सर्व्होच्या दिशा वगैरे तुम्हाला येतंय असं धरून चालते, कारण तुमचं हेलिकॉप्टर हवेत तर जातंय. एक आधीच सांगते, मी इंजिनियर नाही. लहान इलेक्ट्रिक हेलिकॉप्टरं बरीच वर्षं उडवली, पाडली आणि जोडली, एवढाच माझा अधिकार. तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल वेगळं काही सांगत असेल तर मॅन्युअलचं ऐका.

माझा पहिला क्रॅश साधाच होता. हॉवर करताना, म्हणजे हवेत एका जागी थांबवताना, हेलिकॉप्टर माझ्याकडे तोंड करून वळलं, माझा हात उलटा गेला आणि ते कुशीवर पडलं. दोन्ही मुख्य पाती फुटली, मेन गिअरचे दात गेले. दोन्ही बदललं. मेन शाफ्ट हाताने फिरवून पाहिला, सरळ वाटला. पात्यांच्या ग्रिप (पाती ज्यात बसतात त्या पकडी) दोन्ही बाजूंनी धरून हलवल्या, घट्ट होत्या. त्या ग्रिपच्या आत, रोटरच्या मधल्या हबमधून आरपार जाणारी बारीक दांडी, म्हणजे फेदरिंग स्पिंडल, मी काढून पाहिलीच नाही. ती बाहेरून दिसत नाही. जे दिसत नाही ते शाबूत असणार असं मी गृहीत धरलं.

पुढच्या उड्डाणात ट्रॅकिंग बिघडलेलं होतं, म्हणजे एक पातं वर आणि एक खाली फिरत होतं. खरं तर तिथेच मला थांबायला हवं होतं. मी काय केलं, तर एका बाजूची लिंक (पात्याचा कोन ठरवणारी छोटी दांडी) दीड फेरा फिरवून दोन्ही पाती एका रेषेत आणली. हीच माझी सगळ्यात मोठी चूक. बिघाड मला त्याची खूण दाखवत होता आणि मी ती खूणच पुसून टाकली. त्या दिवशी बरं उडालं. दुसऱ्या दिवशी ट्रॅकिंग पुन्हा बिघडलं, मी पुन्हा लिंक फिरवली. वाकलेली स्पिंडल डँपरमध्ये, म्हणजे हबमधल्या रबरी कड्यांमध्ये, थोडी फिरते, त्यामुळे तिचा बाक प्रत्येक वेळी वेगळ्या बाजूला येऊन बसतो. म्हणून आज जुळवलेलं ट्रॅकिंग उद्या हललेलं दिसतं. तुमच्या पोस्टमध्ये ‘काल ठीक होतं, आज पुन्हा’ हे शब्द आहेत ना, तिथेच मी वाचता वाचता थांबले.

मग शेपटी हलायला लागली. ४५० चा मुख्य रोटर मिनिटाला साधारण २८०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला सत्तेचाळीसच्या आसपास. स्पिंडल जरा जरी वाकलेली असली तरी सेकंदाला तेवढे धक्के सगळ्या फ्रेमला बसतात. जायरोच्या आतला सेन्सर अगदी बारीक असतो. हेलिकॉप्टर खरंच वळतंय की नुसतं थरथरतंय, हे एका मर्यादेपलीकडे त्याला वेगळं करता येत नाही. तो प्रत्येक धक्क्याला उत्तर देत बसतो आणि आपल्याला वाटतं जायरो बिघडला. गेन कमी केला तर शेपटी ढिली पडते, वाढवला तर फडफडते, आणि मधला आकडा काही केल्या सापडत नाही, कारण तो नसतोच.

या टप्प्यावर मी ते एका दुरुस्तीवाल्यांकडे दिलं. नाव घेणार नाही, आणि त्या धंद्यातले सगळेच तसे असतात असंही म्हणत नाही. पण त्यांनी पाच आठवडे ठेवून घेतलं, आणि परत देताना सांगितलं की मेकॅनिकल सगळं ठीक आहे, जायरो खराब आहे. तपासलं कसं, असं विचारल्यावर कळलं की सुरक्षिततेसाठी मुख्य पाती काढून मोटर चालवून पाहिली. पाती काढणं बरोबरच होतं. पण पात्यांशिवाय वाकलेल्या स्पिंडलचा थरकाप जवळजवळ दिसतच नाही, कारण फेकायला तिच्या टोकाला वजनच नसतं. म्हणजे जिथे रोग होता तोच भाग काढून ठेवून त्यांनी निकाल दिला होता. त्यांच्याकडूनच नवा जायरो घेतला, बसवला, शेपटी तशीच. परत करायला गेले तर इलेक्ट्रॉनिक वस्तू एकदा जोडली की परत घेत नाही, असं उत्तर. माझा जुना जायरो नंतर दुसऱ्या हेलिकॉप्टरवर मी कित्येक हंगाम वापरला, एकदाही कुरकुर केली नाही त्याने. याचा मला अजूनही राग येतो. पैशाचा कमी, पण पाच आठवड्यांनी मिळालेल्या त्या खात्रीच्या आवाजाचा जास्त, कारण त्यावर विसंबून मी आणखी दोनदा पाडलं.

शेवटी मैदानावरच्या एका वयस्कर गृहस्थांनी काही न बोलता स्पिंडल काढली, पुसली आणि आरशाच्या तुकड्यावर ठेवून बोटाने हलकेच लोळवली. दांडी आणि तिच्या प्रतिबिंबाच्या मधून उजेडाची एक बारीक फट येत होती, जात होती, येत होती. हातात धरून डोळ्यांसमोर पाहिली तर तीच दांडी सरळ दिसत होती.

तर आता तुमच्याकडे. बॅटरी काढा. स्पिंडलच्या एका टोकाचा बोल्ट सोडवा, दुसऱ्या टोकाची ग्रिप धरून दांडी ओढून काढा. जुनं थ्रेडलॉक (बोल्ट सुटू नये म्हणून लावायचा चिकट द्रव) आणि ग्रीस स्वच्छ पुसा, नाहीतर कचऱ्यामुळेही दांडी उड्या मारते. फोटो फ्रेमची काच चालेल, आरसा जास्त बरा. उजेडाकडे तोंड करून हळू लोळवा. वाकलेली निघाली तर सरळ करत बसू नका, नवी घाला. आणि खरं सांगायचं तर प्रत्येक क्रॅशनंतर मी ती न तपासताच बदलते, कारण या नादात इतकं स्वस्त दुसरं काही नाही. नवी घालण्याआधी तीही काचेवर लोळवा. मेन शाफ्टचंही तेच करा, तो बाहेर काढून. शेपटी आपटली असेल तर टेल शाफ्टचंही.

नवी बसवताना दोन ठिकाणी घात होतो. ग्रिपमधल्या थ्रस्ट बेअरिंगच्या (पात्याची बाहेरची ओढ सोसणाऱ्या बेअरिंगच्या) दोन चकत्या सारख्या दिसतात, पण नसतात. एकीचं भोक किंचित मोठं असतं. मोठ्या भोकाची हबकडे, लहान भोकाची बाहेर बोल्टकडे. उलट बसली की ग्रिप ताणाखाली जड होते आणि सर्व्हो कण्हायला लागतात. दुसरं, बोल्टला मध्यम ताकदीचं निळं थ्रेडलॉक लावाच, पण थेंबभरच. जास्त झालं तर ते बेअरिंगमध्ये उतरून त्याला जाम करतं. आणि बोल्ट कोरडाच ठेवलात तर एखाद्या दिवशी पातं ग्रिपसकट निघून जाईल. ४५० च्या पात्याच्या टोकाचा वेग ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या वर असतो, हे एकदा मनात नीट बसू द्या. प्लॅस्टिकला थ्रेडलॉक लावू नका, त्याने ते ठिसूळ होतं.

बसवून झालं की मी फिरवलेल्या त्या दीड फेऱ्यासारखे तुम्ही जे काही फेरे दिले असतील ते काढून टाका. दोन्ही लिंकची लांबी मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणा आणि मगच ट्रॅकिंग बघा. माझं इथेच गोंधळलं होतं. नवी सरळ स्पिंडल घातली आणि ट्रॅकिंग उलट्या बाजूला बिघडलं, म्हणून मला वाटलं नवीही वाकडी.

हे सगळं करूनही थरथर राहिली तर एकेक भाग वजा करत जा. टेल फिनच्या, म्हणजे शेपटीच्या उभ्या पंखाच्या, कडेकडे बघा, कड स्वच्छ दिसायला हवी. दोन कडा दिसत असतील किंवा ती धूसर असेल तर कंप आहे. मुख्य पाती काढून चालवा. कंप गेला तर दोष पाती, ग्रिप, स्पिंडल किंवा डँपरमध्ये आहे. राहिला तर शेपटीची पातीही काढा. आता गेला तर शेपटीत. तरीही राहिला तर मेन शाफ्ट, त्याची बेअरिंगं, मोटर. शेपटीचा रोटर मुख्य रोटरच्या चार-पाच पट वेगाने फिरतो, म्हणून त्याचा कंप डोळ्यांना थरथर म्हणून न दिसता बारीक भुणभुण म्हणून जाणवतो. हे करताना अंतर ठेवा, डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवा, आणि मोटर बंद करणारं थ्रॉटल होल्डचं बटण कुठे आहे ते बोटाला न बघता सापडलं पाहिजे. सेटिंग करताना मी मोटरच्या तिन्ही वायरी सोडवूनच ठेवते. कोणी याला अतिकाळजी म्हणतं, म्हणोत.

जायरोला शेवटी या. त्याच्याखालची दुहेरी चिकटपट्टी जुनी होऊन कडक झाली असेल तर ती बदला. मग रोटर बंद असताना शेपटी हाताने एका बाजूला झटकन ढकला. शेपटीच्या पात्यांनी तिला उलट ढकलणारा कोन घ्यायला हवा. त्याच बाजूला जाणारा कोन घेतला तर जायरो उलटा सेट आहे, आणि मग उचलताक्षणी हेलिकॉप्टर भोवऱ्यासारखं फिरेल. तुमचं तसं होत नाही, म्हणून ही शक्यता मला कमी वाटते, पण बघायला पाच सेकंद लागतात.

आता तुम्ही न विचारलेलं. तुम्ही सुरुवातच सेकंडहँड ४५० पासून केलीत, आणि मीही तेच केलं होतं. कोणी नव्याने विचारलं तर मी सांगेन की आधी चांगला ट्रान्समीटर (रिमोट) घ्या, तो संगणकावरच्या सिम्युलेटरला जोडा आणि एक-दोन महिने त्यावरच बोटं बसवा. मग तळहाताएवढं कलेक्टिव्ह पिचचं (मुख्य पात्यांचा कोन बदलता येणारं) छोटं हेलिकॉप्टर, जे पडलं तरी हलकं म्हणून वाचतं. मग ४५० किंवा त्याहून मोठं. अनेकांचं मत याच्या उलट आहे. मोठं हेलिकॉप्टर हवेत जास्त स्थिर असतं, म्हणून थेट मोठंच घ्या, असं ते म्हणतात. स्थिर असतं हे खरं, पण पडल्यावरचा खर्चही त्याच प्रमाणात मोठा असतो आणि धोकाही. फिक्स्ड पिच (पात्यांचा कोन न बदलणारी) आणि एकावर एक दोन रोटरवाली कोॲक्सियल मात्र मी टाळायला सांगते. ती खेळायला छान आहेत, पण त्यांवर लागलेली सवय पुढे उपयोगी पडत नाही.

सिम्युलेटरवर लोक उलटं उडवायला आणि कसरतींना धावतात. त्याऐवजी नुसतं हॉवर. शेपटी आपल्याकडे, मग डावी बाजू, मग उजवी, आणि मग तोंड आपल्याकडे. ही शेवटची स्थिती रोज दहा मिनिटं. तोंड आपल्याकडे असताना डावं-उजवं आणि पुढं-मागं दोन्ही उलटं होतं, आणि माझा पहिला क्रॅश तिथेच झाला होता. नव्या अनेक फ्लायबारलेस युनिटमध्ये (रोटरवरच्या स्थिर ठेवणाऱ्या दांडीचं काम इलेक्ट्रॉनिक्सने करणाऱ्या यंत्रात) रेस्क्यूची, म्हणजे हेलिकॉप्टर आपोआप सरळ करण्याची सोय असते, तिचं बटण जरूर ठेवा, पण खूप खाली असाल तर ते वाचवत नाही.

बॅटरीबद्दल एवढंच: लायपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी) पूर्ण रिकामी करू नका, वीस टक्के शिल्लक असताना उतरवा, आणि आठवडाभर उडवणार नसाल तर सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा. तीन क्रॅशमधून गेलेली बॅटरी फुगलेली वाटत असेल तर तिचा मोह सोडा. मैदानाबाबत तुमच्याकडचे नियम काय आहेत तेही एकदा बघून घ्या.

आणि सोडून देण्याबद्दल. अमेरिकन संशोधक आर्थर यंग यांनी १९४१ साली बेल या विमान कंपनीला आपलं हेलिकॉप्टर दाखवलं ते मॉडेलच होतं, आणि त्यामागे त्यांची दहाहून अधिक वर्षं मॉडेलं बनवण्यात गेली होती. त्यांचा स्टॅबिलायझर बार (रोटर स्थिर ठेवणारी दांडी) बसवलेलं बेल ४७ पुढे १९४६ मध्ये नागरी वापराचं प्रमाणपत्र मिळवणारं पहिलं हेलिकॉप्टर ठरलं. आपण फ्लायबार म्हणायचो तो त्याच कुळातला. तुम्ही तीन क्रॅशनंतर विचारताय, त्यात कमीपणा काहीच नाही.

स्पिंडल काढलीत की इथे लिहा: काचेवर फट दिसली का, लिंक किती फेरे फिरवली होती, आणि मुख्य पाती काढल्यावर फिनची कड स्वच्छ झाली का. काचेवरच्या दांडीचा फोटो बाजूने, उजेडाच्या दिशेने काढा, वरून काढलात तर त्यात काही कळत नाही. तोवर जायरोची ऑर्डर देऊ नका.